विजेच्या शेगडीवरचे करपलेले डाग: गिऱ्हाइकांचे नेहमीचे प्रश्न

दर्यापूर तालुक्यात माझं मिक्सर, पंखे, शेगड्या दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी शेगडी पोत्यात गुंडाळून आणतात. टेबलावर ठेवली की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, हे निघत नाही." निसती दूध सांडून बाद झालेली काच माझ्या टेबलावर अजून आली नाही. घासून घासून बाद केलेल्या काचा मात्र मी पुष्कळ बदलल्या आहेत. म्हणून तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. घरगुती उपायांचा भाग आमच्या घरच्यांनी तपासला आहे आणि दोन ठिकाणी मला चूक ठरवलं आहे.

माझी शेगडी कोणती, हे कसं ओळखायचं? सगळ्यांवर काळी काचच तर असते.

सगळ्यांवर नसते, आणि डाग काढायची रीत यावरच ठरते. आपल्याकडे चार प्रकार दिसतात.

रिकामी चालू केली की टूं टूं करते, जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, गंज (पातेलं) ठेवला तर तापत नाही आणि स्टीलचा किंवा लोखंडी ठेवला की लगेच तापते, ती इंडक्शन. काचेखाली लालभडक दिसतं आणि कोणतंही भांडं चालतं, ती इन्फ्रारेड. मातीच्या पांढऱ्या थाळीच्या खाचेत उघडी तार फिरवलेली असते, ती कॉइलची. जुनी माणसं तिला हिटरच म्हणतात. आणि वर काळ्या बिडाची जाड गोल थाळी असते, ती हॉटप्लेट. होस्टेलात आणि चहाच्या टपरीवर ती अजून दिसते.

खालची बहुतेक उत्तरं काचेच्या शेगडीची आहेत. कॉइल आणि हॉटप्लेटवाल्यांनी थेट शेवटाकडे जावं. काचेवरचे उपाय तिथे केले तर नुकसान होईल.

इंडक्शनची काच तर स्वतः तापत नाही म्हणतात. मग तिच्यावर करपतं काऊन?

बरोबर विचारलं. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा उलटसुलट होणारी वीज फिरते. त्यामुळे वर ठेवलेल्या लोखंडी किंवा चुंबक धरणाऱ्या स्टीलच्या बुडात वीज खेळायला लागते आणि बूडच तापतं. काच मधल्यामध्ये कोरी राहते, पण तापलेलं बूड तिच्यावर टेकलेलं असतं. त्या बुडाची धग काचेत उतरतेच. फोडणी देताना बूड दोनशे अंशांच्या पुढे सहज जातं.

म्हणून इंडक्शनवरचा डाग नेहमी गोल कड्यासारखा असतो. ऊतू गेलेलं दूध किंवा वरण गंजाच्या कडेवरून ओघळतं, बुडाखाली शिरतं, आणि बूड व काच यांच्या मध्ये दाबून भाजलं जातं. भांड्याच्या बाहेर सांडलेलं नुसतं वाळतं; ते ओल्या फडक्यानं निघतं. इन्फ्रारेडचं तसं नाही. तिथे काचच चारशे अंशांच्या वर जाऊ शकते, म्हणून कुठेही काही पडलं की त्याचा कोळसा होतो.

यातून एक साधी गोष्ट निघते, ती कुणी करत नाही. शेगडीवर भांडं ठेवण्याआधी त्याचं बूड पुसा. काल चुलीवर ठेवलेला गंज आज इंडक्शनवर चढवला तर बुडाची काजळी काचेवर येणारच. घरोघरी चूल आणि शेगडी जोडीनं चालते, तिथे हा डाग हमखास.

साधा करपलेला डाग काढायची रीत सांगा. आधी काय, मग काय?

आधी थांबायचं. शेगडी बंद केली तरी आतला पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो आतले पार्ट थंड करत असतो. घाईनं प्लग उपसू नका. पंखा थांबला की बोर्डावरचं बटण बंद करा आणि मग प्लग काढा. स्वयंपाक चालू असताना लाइन गेली तर पंखाही बंद पडतो, म्हणून तापलेला गंज लगेच सांडशीनं उचलून खाली ठेवा. काचेची धग आत साचू देऊ नका.

काच हाताला कोमट लागली की वरचं सुटं सुटं खरवडून घ्या. त्यासाठी जुनं एटीएम कार्ड चांगलं, नाहीतर लाकडी सराटा, म्हणजे उलथणं. स्टीलचा सराटा नको. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून फडकं भिजवा, घट्ट पिळा आणि पुसून घ्या. जे उरलं तो खरा डाग.

आता तीन चमचे खायचा सोडा आणि एक चमचा पाणी असा दाटसर लेप करा. डागावर जाड थापा. वरून पिळलेलं ओलं फडकं अंथरा आणि अर्धा तास तिकडे पाहू नका. कापसाला पाणी देऊन या, पेपर वाचा. लेप वाळला तर उपयोग नाही, म्हणूनच फडकं. अर्ध्या तासानं त्याच लेपावर मऊ घासणीनं गोल गोल घासा, जोर न लावता. ओल्या फडक्यानं दोनदा पुसा, कोरड्यानं एकदा.

पहिल्या खेपेला अर्धा डाग जाईल. उरलेल्यासाठी पुन्हा लेप आणि पुन्हा अर्धा तास. तिथे लोक धीर सोडतात आणि तारेची घासणी उचलतात, आणि शेगडी माझ्याकडे येते. करपलेल्या थरात पाणी मुरायला वेळ लागतो, एवढंच आहे. तळाला लागलेला भाताचा गंज आपण रात्रभर पाणी घालून ठेवतो की नाही? शेगडीत पाणी ओतता येत नाही, म्हणून ओलं फडकं.

पाणी ओतलं तर काय होते? वरून तर पूर्ण बंद दिसते.

दिसते, पण नसते. काचेच्या कडेला चिकटवलेला सिलिकॉनचा पट्टा उन्हाळ्या-हिवाळ्यात सुटतो. खाली आणि मागे हवेच्या फटी असतात. बटणांवरच्या प्लास्टिकच्या पन्नीची कड उकललेली असते. एका घरी शेगडी नळाखाली धरून धुतली होती, वर "उन्हात वाळवली ना भाऊ" म्हणून सांगितलं. आतल्या सर्किटच्या बोर्डावर हिरवा जंग चढला होता. तो बोर्ड बदलायचा खर्च नव्या शेगडीच्या निम्म्याच्या आसपास गेला.

खायचा सोडा की धुण्याचा सोडा?

खायचा. दोन्ही पांढरे आणि दोन्ही सोडाच, पण ताकदीत बराच फरक आहे. खायच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षारपणाचं माप, आठच्या थोडा वर असतो, धुण्याच्या सोड्याचा अकराच्या आसपास. पीएचमध्ये एक अंक म्हणजे दहापट, हे लक्षात घ्या.

खरं सांगायचं तर खायचा सोडा रसायन म्हणून फार काही करत नाही. त्याचा फायदा वेगळा आहे. तो दाणेदार आहे आणि तरी काचेपेक्षा कितीतरी मऊ आहे. करपलेला थर घासला जातो आणि काच शाबूत राहते. धुण्याचा सोडा चिकट तेलावर जोरात काम करतो, पण अॅल्युमिनियमची पट्टी काळी पाडतो, छापलेले आकडे उडवतो आणि हाताची कातडी सोलतो. अगदीच जुना तेलाचा थर असेल तर पाण्यात थोडासा विरघळवून, हातमोजे घालून, फक्त काचेच्या मधोमध लावा आणि नंतर चार वेळा पुसा. कॉस्टिक सोड्याचं तर नावच काढू नका.

सोड्यावर लिंबू पिळलं की फसफस होते. त्यानं डाग निघतो ना?

फेस येतो, डाग तिथंच राहतो. सोडा आंबटाला मारतो आणि आंबट सोड्याला. वर जो फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, सोडावॉटरमधलाच. फसफस थांबल्यावर उरतं ते खारट पाणी. त्यानं डाग निघाला असं वाटलंच, तर तो नंतरच्या घासण्यानं निघाला.

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या डागांसाठी. सोडा करपलेल्या अन्नाला, लिंबू पाण्याच्या पांढऱ्या डागाला. मोबाइलवरच्या व्हिडिओत फेस छान दिसतो, म्हणून तो दाखवतात.

गुळाचा पाक सांडला. तोही थंड होऊ द्यायचा का?

नाही! एवढ्या एकाच बाबतीत वरचा सगळा नियम उलटा आहे.

गूळ, साखर, पुरण, खवा, संत्र्याची बर्फी, म्हणजे ज्यात साखर आहे ते सगळं, काचेवर गरम असतानाच काढायचं. साखर वितळून काचेला घट्ट धरते. थंड होताना ती आकसते, काच मात्र तेवढी आकसत नाही. त्या ओढाताणीत इन्फ्रारेडच्या काचेचे बारीक टवके निघतात. नंतर तुम्ही पाक काढाल, पण खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे राहतील आणि पुढचं प्रत्येक सांडणं त्यात जाऊन बसेल. ते खड्डे कशानंच भरत नाहीत.

म्हणून पाक सांडला की शेगडी बंद करा, भांडं सांडशीनं उचला, आणि लाकडी सराट्यानं तो मऊ आहे तोवर कडेला ओढा. बोटं लांब ठेवा. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, कारण तो कातडीला चिकटून बसतो. लेकरं जवळ नकोत. बहुतेक निघाल्यावर उरलेलं थंड झालं तरी चालेल.

आणि पोळ्याच्या दिवशी सांडला आणि पाडव्याला लक्षात आला, तर? म्हणजे तान्हा पोळा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तेव्हा आमच्या घरचा उपाय करा. डागावर ओलं फडकं ठेवा आणि त्यावर उकळत्या पाण्यानं भरलेला स्टीलचा गंज पंधरा मिनिटं ठेवा. शेगडी बंद, प्लग काढलेला. वरून धग आणि फडक्यातून ओल, दोन्ही मिळाल्यावर साखर परत विरघळायला लागते. मी यासाठी शेगडी थोडी चालू करून गरम करा असं सांगत होतो. आमच्या घरच्यांनी विचारलं, "ओलं फडकं ठेवून शेगडी चालू करायला लावता लोकाले?" पहिली चूक ती.

दूध ऊतू गेलं तर?

दुधात साखरही आहे आणि प्रथिनंही, म्हणून ते पाकासारखं चिकटतं आणि पिठल्यासारखं करपतं. तरी पाकाएवढं घातक नाही. गंज उचला, बंद करा, मिनिटभरानं पिळलेल्या फडक्यानं पुसा. थंडगार पाण्याचं फडकं तापलेल्या काचेवर टाकू नका. वाळलंच तर सोड्याचा लेप.

तेलाचा पिवळा-तपकिरी चिकटा बसला आहे. तो सोड्यानं हलत नाही.

हा करपलेल्या अन्नाचा डाग नाही, ही वार्निश आहे. अक्षरशः. तेल तापलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि कडक पापुद्रा होतो. बिडाचा तवा तेल लावून मुरवतो तेव्हा हेच घडवून आणतो. तव्यावर हवं ते काचेवर नको, एवढंच.

आपल्याकडे जवसाचं तेल खातात त्यांना हा त्रास जास्त. जवसाचं तेल आपोआप वाळून पापुद्रा धरणारं तेल आहे. जुन्या काळापासून ते रंगात आणि वार्निशात घालतात. शेंगदाण्याचं तेल इतक्या लवकर धरत नाही. जवसाच्या तेलाची धार वरून वाढून घ्यावी, शेगडीजवळ नेऊच नये, असं माझं मत. चवही तशीच चांगली लागते.

या चिकट्यावर आपल्या भागातली एक वस्तू चालते: संत्र्याची साल. सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते चिकट्याला मऊ करतं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आणि मृगाची उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात, तेव्हा सालीला तोटा नसतो. ताजी साल दुमडून बाहेरची बाजू चिकट्यावर घासा, दहा मिनिटं थांबा, मग लिक्विडच्या कोमट फडक्यानं पुसा. तीन-चार वेळा करावं लागेल. काच पूर्ण थंड हवी, कारण सालीचं तेल पेट घेतं. साल दिव्याच्या ज्योतीजवळ पिळून पाहा, चुरचुर ठिणग्या उडतात. काळ्या कोळशावर मात्र साल काही करत नाही, तिथे परत लेपच.

पूर्वी राखेनं भांडी लख्ख व्हायची. शेगडी काऊन नाही?

राख चांगलीच वस्तू आहे. तिच्यात क्षार असतात, ते तेल कापतात. पण चुलीतल्या राखेत माती आणि रेतीचे कण येतात. कठीणपणाच्या मोजपट्टीवर रेती ७, काच साधारण साडेपाच ते सहा, खायचा सोडा अडीचच्या आसपास. वरच्या आकड्याची वस्तू खालच्या आकड्याच्या वस्तूवर चरा पाडते. पितळेच्या गंजावर पडलेले चरे कुणी पाहत नाही. काळ्या काचेवर ते उन्हात चांदीसारखे चमकतात. रांगोळी, विटेचा चुरा, वाळू, यांनाही हेच उत्तर. काचपेपरचं तर मी लिहिणारही नव्हतो, पण दोन जणांनी विचारलं आहे.

मग ब्लेड? कंपनीचा माणूस तर ब्लेडनंच काढत होता.

तो काढू शकतो, कारण त्याच्याकडे दांड्यात बसवलेलं ब्लेड असतं आणि हात बसलेला असतो. मी स्वतः सुरुवातीला दाढीचं ब्लेड अर्धं मोडून एका काकूंच्या शेगडीवर चालवलं होतं. डाग निघाला. मोडलेल्या कोपऱ्यानं टाचेपासून अंगठ्यापर्यंत जावी तशी एक लांब रेघही निघाली. काकू काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र त्यांची शेगडी दुसऱ्या दुकानात जाते.

करायचंच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून दांड्याचं खरवडणं आणा. ब्लेड नवीन, डाग ओला, आणि ब्लेडची पूर्ण धार काचेवर जवळजवळ आडवी टेकलेली. पुढे ढकलायचं, मागे ओढायचं नाही. कोपरा टेकला की रेघ आलीच. खडबडीत किंवा नक्षीच्या काचेवर, छापलेल्या आकड्यांवर आणि बटणांच्या पन्नीवर ब्लेड अजिबात नाही.

तारेची घासणी?

नाही. हिरव्या घासणीची खरखरीत बाजूही नाही. काथ्या चालतो, ओला करून.

डाग नाही, पण पांढरे ठिपके आणि ओघळ राहतात. कितीही पुसा.

हा तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही, पाण्याचा आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याचा पूर्णेकाठचा पट्टा खारपाणपट्टा आहे. विहिरीचं, बोअरचं पाणी वाळलं की मागे क्षार ठेवून जातं. शेगडीवर तर ते क्षणात वाळतं. तुम्ही पुसता त्याच पाण्यानं, म्हणजे नवा डाग लावूनच जुना काढता.

त्यातलं जे नुसतं मीठ आहे ते साध्या ओल्या फडक्यानं जातं. चुन्यासारखा जो थर बसतो, त्याला आंबट लागतं. अर्धं लिंबू घासा किंवा चिंचेचा कोळ लावा, पाच-सात मिनिटं ठेवा, पुसा. आणि शेवटचं पुसणं कोरड्या सुती फडक्यानं, ओल हवेत उडायच्या आधी. जुन्या धोतराचं फडकं यासाठी सर्वात चांगलं. आता धोतरं राहिली नाहीत, तर जुनी बनियन.

संडास साफ करायचं लिक्विड काचेवर लावणारेही भेटले. ते तेजाब आहे. शेगडीची स्टीलची कड त्यानं खाल्ली जाते, आणि त्यात कुणी कपड्याचं ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. कोंदट स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

राखाडी, शिशाच्या पेन्सिलीसारख्या रेघा आल्या. चरे पडले का?

नख फिरवून पाहा. नख अडकलं तर चरा. नख सरळ गेलं तर ती भांड्याची धातू काचेला लागली आहे, बहुतेक जर्मनच्या भांड्याची. इन्फ्रारेडवर जर्मनचा गंज सरकवत नेला की असं होतं. लिंबू दहा मिनिटं लावा, नाहीतर पांढऱ्या साध्या टूथपेस्टनं बोटावर कापड गुंडाळून चोळा. जेलची पेस्ट नको. आणि भांडं उचलून ठेवत जा, सरकवू नका.

प्लास्टिकची पन्नी चिकटून वितळली.

बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. कडक झाली की कार्डानं कडेपासून उचला, बहुतेक वेळा चपटी निघून येते. गरम असताना ओढली तर तारा सुटतात आणि हात भाजतो.

डाग पडूच नये म्हणून भांड्याखाली पेपर ठेवला तर? शेजारी ठेवतात.

इंडक्शनवर पेपर ठेवून दूध तापवता येतं, हे खरं. दूध-पाणी असेपर्यंत बूड शंभर अंशांच्या आसपास राहतं. पण त्याच पेपरवर कढई ठेवून फोडणी दिली, किंवा गंजातलं पाणी आटलं, की बूड तीनशेकडे धावतं आणि पेपर तपकिरी होऊन धुरायला लागतो. शिवाय काचेच्या मधोमध खालून एक सेन्सर टेकलेला असतो, तो काचेची धग मोजून शेगडी सांभाळतो. मध्ये पेपर, फडकं किंवा रबरी मॅट आली की त्याला उशिरा कळतं. मी "पातळ कपडा चालतो" म्हणत होतो. दुसरी चूक ती. आमच्या घरी टेबलक्लॉथचं एक भोक त्याची साक्ष आहे. इन्फ्रारेडवर तर काहीच नको.

त्यापेक्षा गंज मोठा घ्या. ऊतू जाण्याचं मूळ कारण अर्धा लिटरच्या गंजात पाऊण लिटर दूध, हे आहे. वरण शिजताना झाकण तिरपं ठेवा. वरणफळं टाकल्यावर आच कमी करा. फळं पडली की आमटी फेस धरते आणि वर येते.

काचेला बारीक तडा आहे, पण चालते. वापरू का?

नका. ओल तड्यातून खाली उतरते आणि खाली उघडा बोर्ड असतो. प्लग काढा आणि काच बदला. सेलोटेप लावून आणू नका, टेप करपून तोही काढावा लागतो.

सगळ्या शेगड्यांची काच सारखीच असते का?

नाही. चांगल्या शेगडीवर ग्लास-सिरॅमिक असतं, जे तापलं तरी जवळजवळ फुगत नाही, म्हणून एकदम गरम-थंड सोसतं. त्याची गोष्ट मला फार आवडते. १९५३ साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी एक काच भट्टीत सहाशे अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडली आणि नऊशेवर गेली. काच वितळून भट्टी खराब झाली असेल म्हणून त्यांनी उघडली, तर काच पांढरी होऊन घट्ट उभी. चिमट्यातून निसटून फरशीवर पडली तरी फुटली नाही. म्हणजे भट्टीच्या बिघाडातून ही वस्तू जन्मली. दुरुस्तीवाल्याला याहून मोठा दिलासा काय हवा.

स्वस्त शेगड्यांवर मात्र साधी टफन्ड काचही येते. ती एकदम गरम-थंडाला कच्ची असते. तुमची कोणती आहे हे बाहेरून सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगतो: तापलेल्या काचेवर गार फडकं नाही.

कॉइलची शेगडी कशी धुवायची?

धुवायचीच नाही. मातीची थाळी पाणी पिते, मग चालू केल्यावर तडकते आणि करंटही देते. प्लग काढा, थंड होऊ द्या, उलटी करून हलकेच थोपटा आणि जुन्या टूथब्रशनं कोरडंच झाडा. खाचेत अडकलेलं उरलंसुरलं पुढच्या वेळी रिकामी दोन-चार मिनिटं चालवली की जळून जातं. धूर होईल, दार उघडं ठेवा. तार ओढू नका.

आणि साफसफाईपेक्षा मोठी गोष्ट. ही तार उघडी असते आणि तिच्यात पूर्ण करंट असतो. ऊतू गेलेलं खारट वरण तारेवरून भांड्यापर्यंत पोहोचलं तर भांड्यात करंट उतरू शकतो. अर्थिंग नसलेल्या घरात ही शेगडी नकोच. कुणी म्हटलं "स्वस्तात दुरुस्त करून द्या", तर तुटलेली तार पिळून जोडून देणं मी बंद केलं आहे.

आणि बिडाची हॉटप्लेट?

तिला काचेचे लाड लागत नाहीत. थंड झाल्यावर तारेच्या ब्रशनं कोरडी घासा, पिळलेल्या फडक्यानं पुसा, चालू करून दोन मिनिटं वाळवा. मग तेलाचा बोटभर हात फिरवून परत थोडी तापवा. तेल नाही लावलं तर पावसाळ्यात आठवड्यात जंग धरते.

वरून तर साफ केली. खालून काही करायचं असते?

बरं झालं विचारलं, कारण हे कुणीच विचारत नाही. उलटी करून पंख्याची जाळी पाहा. सरकी-कापसाच्या दिवसांत घरभर कापसाचे तंतू उडतात आणि ते सगळे त्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. पंख्याला हवा मिळत नाही, आतलं तापतं आणि शेगडी मधेच बंद पडते. गिऱ्हाईक म्हणतं होल्टेज कमी आहे. कोरड्या ब्रशनं जाळी झाडा, महिन्यातून एकदा. आत झुरळं असली तर मात्र माझ्याकडे आणा. हिट मारू नका, त्यातलं द्रावण पेट घेणारं असतं.

एवढं करूनही डाग राहिला तर शेगडी कमी तापते का? वीज जास्त जाते का?

इंडक्शनवर अजिबात नाही. डागाची पर्वा त्या वेटोळ्याला नसते. थर जाड असेल तर भांडं डुगडुगतं, तेवढं काढा. इन्फ्रारेडवर जाड कोळसा धग थोडी अडवतो, आणि दर वेळी धूर करतो.

आमच्या घरच्या शेगडीवर मागच्या पोळ्याच्या पुरणाचा पिवळसर अर्धचंद्र अजून आहे. मी दोनदा लेप घेऊन बसलो. तिसऱ्यांदा घरच्यांनी लेपाची वाटी हातातून काढून घेतली. गंज बरोबर मधात बसला की नाही ते त्या खुणेवरून कळतं, म्हणतात.